ठळक न छापलेला आकडा

फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी. माझ्या रिपोर्टवर तिच्यापुढे १२ आकडा होता आणि शेजारी मर्यादा छापल्या होत्या : पुरुष २२ ते ३२२, स्त्रिया १० ते २९१. मी बाई, म्हणून १२ चालून गेलं. हाच आकडा माझ्या नवऱ्याचा असता, तर ठळक अक्षरांत छापला गेला असता आणि डॉक्टरांनी त्याला समोर बसवून चार प्रश्न विचारले असते. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

थकव्याचं कारण सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं : घर, शाळेची नोकरी, दोन मुलं, चाळिशी उलटलेली. पण रात्रभर झोपूनही सकाळी अंग ठेचून काढल्यासारखं व्हायचं. पिंढऱ्या ओढायच्या, उजवा खांदा दुखायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचल्यावर टेबल धरून उभी राहायची, मगच हजेरी घेता यायची. शेवटी जाऊबाईंनी आग्रह धरला आणि मी संपूर्ण तपासणीचं पॅकेज घेतलं. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे काठावर पास. थायरॉइड ठीक, साखर ठीक, आरए फॅक्टर निगेटिव्ह. ठळक छापलेलं एकच : ड जीवनसत्त्व १७.

सगळं खापर त्याच्यावर फुटलं. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, दुधातून. कोर्स संपला, ड जीवनसत्त्व वर आलं, थकवा जागच्या जागी. पुन्हा गेले तर डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले, "ताई, आता यात काहीच नाही. टेन्शन कमी घ्या, योगा करा." काही नाही म्हणजे मी खोटं बोलतेय का? घरी येताना रिक्षात रडू आवरलं नाही.

पुढे एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे वेगळ्याच कामासाठी गेले होते. त्यांनी जुना रिपोर्ट मागितला, पण वाचण्याआधी विचारलं, "पाळी किती दिवस चालते? रात्री उठून पॅड बदलावं लागतं? गाठी पडतात?" तिन्हींची उत्तरं माझ्याकडे कित्येक वर्षं तयार होती. तोवर कुणी विचारलंच नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड दिसला.

त्यांनी समजावलं ते असं. हिमोग्लोबिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या डब्यातलं धान्य, फेरिटिन म्हणजे कणगीतलं. कणगीचा तळ दिसायला लागला तरी डबा काही काळ भरलेलाच दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढ माणसाचं फेरिटिन १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात, बाई असो वा पुरुष. अंगात दाह किंवा संसर्ग असेल तर फेरिटिन उगाच वर चढतं, म्हणून तेव्हा हीच रेषा ७० वर जाते. मग १० कुठून आलं? प्रयोगशाळेची मर्यादा बहुधा निरोगी दिसणाऱ्या लोकांच्या रक्तावरून, मधले ९५ टक्के धरून काढतात. पण ज्या बायकांचं रक्त महिन्याच्या महिन्याला जातं आणि ज्यांना कुणी थकवा विचारत नाही, त्या निरोगी दिसतातच की! त्यांच्या रित्या कणग्याही त्या हिशेबात जमा होतात. हा मला सरळ अन्याय वाटतो.

त्याच ९५ टक्क्यांमुळे उलटंही घडतं. धडधाकट माणसाच्या वीस तपासण्या केल्या तर एखादी मर्यादेबाहेर जाणं अगदी साहजिक आहे. म्हणून सणाच्या सवलतीत पन्नास-साठ तपासण्या एकदम करून घेण्याच्या मी विरोधात आहे. ठळक आकडा दिसला की माणूस घाबरतो, औषधं सुरू होतात. पण हेही खरं, की माझं फेरिटिन त्या पॅकेजमध्येच होतं. नेहमीच्या हिमोग्राममध्ये ते नसतं. त्यामुळे जाऊबाईंना मी दोष देऊ शकत नाही.

लोहाच्या गोळ्या दिवसाआड सुरू झाल्या. त्या घेण्याआधी आणि नंतर तास-दोन तास चहा बंद. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका, हे बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. काही महिन्यांत जिना सोपा झाला, पिंढऱ्या शांत झाल्या. उजवा खांदा मात्र अजून दुखतो, त्याचा लोहाशी काही संबंध नव्हता. त्याचं कारण कुठल्याच तपासणीत सापडलेलं नाही. आता फिजिओथेरपी चालू आहे.

बायांनो, थकव्यासाठी डॉक्टरांकडे जाल तेव्हा पाळीचे दिवस आणि रक्तस्राव लिहून न्या. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि फेरिटिन किती आहे ते तोंडाने विचारा.