थोड्या वेळाने

'या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत, कृपया थोड्या वेळाने डायल करा.' एसटीडीच्या काळात हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येकाला त्या बाईंचा राग आलेला असतो. मला कधी आला नाही, कारण बऱ्याचदा त्या बाई माझ्याच गणितामुळे बोलत असायच्या. लाइन्स किती टाकायच्या, म्हणजेच शंभरातल्या किती जणांना हे वाक्य ऐकायला लावायचं, हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. आधी एक्स्चेंजमध्ये, पुढे मोबाइलमध्ये. आमच्या कामाला ट्रॅफिक म्हणतात. त्यामुळे मी पोलिसात आहे असा माहेरच्या गावात बरीच वर्षं समज होता, आणि तो मी फारसा खोडलाही नाही.

त्या वाक्यातलं 'थोड्या वेळाने' मला जन्मभर छळत आलंय.

लहानपणी ट्रंक कॉल असायचा. टपाल ऑफिसात जाऊन नंबर बुक करायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि बाकावर बसून राहायचं. कधी तास, कधी दुपार. पण ऑपरेटरच्या चिठ्ठीवर तुमचं नाव असायचं. 1960 साली कानपूर आणि लखनौ यांच्यामध्ये देशातली पहिली एसटीडी सुरू झाली, ती यथावकाश आमच्याकडेही पोचली आणि तो बाक गेला. नंबर स्वतःच फिरवायचा, लाइन मोकळी असली तर बोलायचं, नसली तर बाहेर. आता चिठ्ठी नाही आणि चिठ्ठीवर नावही नाही. पुढे नोकरीत आल्यावर कळलं की हे दोन वेगवेगळे संसार आहेत. एकात आलेल्याला थांबवून घेतात, दुसऱ्यात परत पाठवतात. आणि दोन्हींची सूत्रं एकाच माणसाने 1917 साली एकाच निबंधात मांडून ठेवली आहेत.

आग्नर एरलांग हा डेन्मार्कच्या एका खेड्यातला मुलगा. गणित शिकला, काही वर्षं शाळेत शिकवलं आणि 1908 साली कोपनहेगन टेलिफोन कंपनीत लागला. त्याला तिथे नेणारा जेन्सन, तोच, ज्याच्या नावाची असमानता गणिताचे विद्यार्थी आजही शिकतात. पुढच्याच वर्षी एरलांगने दाखवलं की शहरातले फोन कोणी ठरवून करत नाही, तरी त्या न ठरवण्याला एक शिस्त असते, आणि ती प्वासाँच्या नियमाने मोजता येते. 1929 साली, एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. 1946 साली ट्रॅफिकच्या मापाला त्याचं नाव मिळालं. एक लाइन तासभर अडून राहिली की एक एरलांग.

त्याची मला आवडणारी गोष्ट मात्र सूत्राची नाही. केबलमधल्या प्रवाहांची मोजमापं घ्यायला तो स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरायचा आणि मागून एक कामगार शिडी घेऊन चालायचा, असं त्याच्या चरित्रात आहे. आमच्यातल्या पुष्कळांनी शिडी सोडली आणि सूत्र तेवढं घेतलं. मीही त्यातलीच.

सूत्र देखणं आहे हे खरं. एक पुठ्ठ्यावर चिकटवलेला तक्ता नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी माझ्या हातात दिला. पण तक्ता वापरायच्या आधी साध्या कॅल्क्युलेटरवर तो स्वतः करून बघा, म्हणाले. सुरुवात शून्य लाइन्सपासून करायची. शून्य लाइन्स असल्या तर नकार शंभर टक्के, यात वादच नाही. मग एकेक लाइन वाढवायची. आधीचा नकार घ्यायचा, त्याला ट्रॅफिकने गुणायचं आणि येईल त्याला, 'लाइन्सची संख्या अधिक तेच' याने भागायचं. ट्रॅफिक तीन एरलांग धरा. एक लाइन, पंचाहत्तर टक्के लोक परत. दोन, त्रेपन्न. तीन लाइन्सना पस्तीस. इथे मी थांबले होते. तीन एरलांगला तीन लाइन्स, मग हिशोब जुळायला हवा ना? साहेब हसले, म्हणाले, माणसं काय एकामागून एक नंबरवारी येतात? पुढे जा. चारला एकवीस, पाचला अकरा, सहाला पाच आणि सात लाइन्स टाकल्यावर कुठे नकार दोन टक्क्यांवर येतो. सरासरी तीन लाइन्स गुंतलेल्या राहतील, त्यासाठी सात टाकायच्या. वरच्या चार बहुतेक वेळ रिकाम्या. हे पैसेवाल्यांना पटवून देण्यात माझी निम्मी नोकरी गेली.

त्याच तक्त्यात एक गंमत आहे. दोन टक्के नकार धरला तर चौदा लाइन्सवर 8.2 एरलांग चालतात. मग तीसवर? दुपटीहून थोडं जास्त, असं वाटतं. चालतात 21.9. गुऱ्हाळ मोठं केलं की उसाचा रस जास्त निघतो असं कुठे होत नाही, इथे होतं. म्हणून पाच वेगवेगळ्या छोट्या पाटांपेक्षा एक मोठा कालवा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आणि आणखी एक गोष्ट, जी मला अजून थोडी जादूसारखी वाटते. लोक किती वेळ बोलतात याची फक्त सरासरी लागते. एकजण दहा सेकंदांत ठेवतो आणि मावशी पाऊण तास सुनेचं सांगतात, या विषमतेशी सूत्राला देणंघेणं नाही. परतवणाऱ्या व्यवस्थेला मावशी चालतात. थांबवणाऱ्या व्यवस्थेला मात्र मावशी फार महाग पडतात, कारण त्यांच्यामागे रांग तुंबते.

आता त्या सूत्राच्या पोटातलं एक वाक्य, जे तक्त्यावर छापलेलं नसतं. ज्याला लाइन मिळाली नाही तो निघून जातो. गुपचूप, पुन्हा न येण्यासाठी. सूत्र सुटावं म्हणून एवढं मानावं लागतं.

असं निघून जाणारं माणूस मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं. पंढरपुरात.

आषाढीला दर्शनबारी गोपाळपूरच्या पलीकडे जाते. बारी ही थांबवणारी व्यवस्था, पायांवर डोकं टेकेपर्यंत नंबर सुटत नाही, मग चोवीस तास लागोत. देवस्थानाने मुखदर्शनाची रांग वेगळी काढली आहे आणि ती पायांवरच्या दर्शनाच्या रांगेपेक्षा भराभर सरकते. कोणी एरलांग वाचून केलं असेल असं नाही, पण सेवेचा वेळ कमी केला की रांग कशी पळते हे दाखवायला मी नव्या पोरांना हेच उदाहरण देते. आणि मग तिसरे लोक असतात. वीस दिवस चालत आलेले, रांग बघतात, नामदेव पायरीवर डोकं ठेवतात, कळसाला हात जोडतात आणि परतीच्या वाटेला लागतात. तक्रार नाही. पुन्हा पुन्हा दारावर धडक नाही. सूत्राने मानलेला माणूस तो हाच.

पण तोच माणूस वाळवंटात येऊन फोन काढतो तेव्हा कळसदर्शनावर भागवत नाही.

टूजीच्या दिवसांतली ही माझी चूक. मंदिराजवळच्या एका सेलला बोलण्यासाठी तीस चॅनेल होते. आदल्या आषाढीचा काउंटर काढला तर गर्दीच्या तासात ट्रॅफिक 29 एरलांग. मी तक्ता उघडला. 29 एरलांग, दोन टक्के नकार, उत्तर अडतीस चॅनेल. एका ट्रान्सीव्हरला आठ खण, पाच ट्रान्सीव्हर बसवले, दोन खण सिग्नलिंगला गेले, राहिले बरोबर अडतीस. हिशोब इतका चपखल बसला की मला त्याचा संशय यायला हवा होता. शिवाय चाकांवरचा एक टॉवर नदीकाठी उभा केला. त्याला आमच्यात काऊ म्हणतात. माझ्या लेकीला बरेच दिवस वाटायचं की आई चिऊ-काऊच्या कामाला जाते.

दशमीच्या दुपारीच अडतीसच्या अडतीस भरले. रात्री काउंटर वाचला, 37 एरलांग.

चूक कळायला वेळ लागला नाही, कबूल करायला लागला. काउंटर मोजतो ते आत शिरलेल्यांना. तीस चॅनेलवर 29 एरलांग चालले याचा अर्थ मागणी 29 होती असा नाही. सरासरी एकच चॅनेल रिकामा राहायचा असेल तर बाहेरचा रेटा सुमारे 60 एरलांगचा लागतो, तीसच्या दुप्पट. आणि काउंटरने 29 ऐवजी साडेएकोणतीस दाखवले असते तर? रेटा 90 च्या घरात. कागदावर अर्ध्या एरलांगचा फरक, बाहेर तीसचा. भरलेल्या एसटीत किती माणसं बसली यावरून स्टॅण्डवर किती उरली ते सांगता येत नाही, हे मला एसटीने कॉलेजला जातानाच्या दिवसांपासून ठाऊक होतं. तक्ता हातात आल्यावर विसरले.

बरं, तो 60 चा आकडा तरी खरा का? त्यात किती माणसं आणि किती बोटं? लागला नाही की आपण पुन्हा लावतो. 'थोड्या वेळाने' म्हणजे आपल्याकडे दोन सेकंदांनी. दहा जण परत पाठवले की ते दहाचे तीस होऊन येतात आणि ज्यांना एरवी लाइन मिळाली असती त्यांनाही अडवतात, मग तेही पुन्हा लावतात. पुनःप्रयत्नांची गणितं पुढे पुष्कळांनी केली. मी त्यांतली काही शिकले. ती उपयोगी आहेत, देखणी नाहीत. आणि त्यांतही माणूस किती चिवट आहे याचा आकडा आपणच भरायचा असतो. तो कुठल्याच तक्त्यात मिळत नाही.

मिस्ड कॉलबद्दलही सांगायला हवं. बिलाच्या लेखी मिस्ड कॉल म्हणजे शून्य. पण बहुतेक ठिकाणी रिंग वाजायच्या आधीच चॅनेल दिला गेलेला असतो. एका तासात हजार मिस्ड कॉल, प्रत्येकी दहा सेकंद, झाले पावणेतीन एरलांगच्या वर. आपण मघाशी सात लाइन्स कशासाठी टाकल्या होत्या? जवळजवळ तेवढं सगळं काम, आणि मिळकत शून्य. आमचे महसूलवाले यावर चिडायचे. मला कौतुक वाटायचं. पोचलो, खाली ये, आता तू लाव, एवढं सगळं एका न उचललेल्या घंटीत. भाषा म्हणून ही काटकसर ओव्यांच्या तोडीची आहे.

आता डेटा आला, सगळं पुन्हा रांगेत गेलं. पॅकेटला परत पाठवत नाहीत, बफरमध्ये बसवतात, म्हणजे टपाल ऑफिसातला बाक परत आला. त्या रांगेची साधी गोष्ट एवढीच की वाट निम्मी भरलेली असली तर काम दुप्पट वेळात होतं, नव्वद टक्के भरली तर दसपट, पंचाण्णवला वीसपट. शेवटचे पाच टक्के वसूल करायला जाणाऱ्या नव्या मॅनेजरला मी हे चार वेळा सांगते आणि पाचव्यांदा गप्प बसते. त्यातही प्वासाँचा नियम जसाच्या तसा चालत नाही. बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन-प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला इथरनेटची वाहतूक मोजून दाखवलं की तिचे लोंढे सेकंदांत बघा नाहीतर तासांत, सारखेच उसळलेले दिसतात, सरासरी काढून सपाट होत नाहीत. हे वाचलं तेव्हा मला वारीच आठवली. जवळून बघा, दिंडी. लांबून बघा, दिंड्यांची दिंडी.

त्या दशमीला रात्री मी पायऱ्या उतरून वाळवंटात गेले. शिडी नव्हती, खिशात एक छोटी वही होती. चंद्रभागेला पाणी होतं, वाळू ओली होती, एका फडात अजून कीर्तन चालू होतं. एक म्हातारे बाबा शेजारच्या पोराकडून फोन लावून घेत होते. पोरगं हिरवं बटण दाबायचं, कानाला लावायचं, मान हलवायचं, पुन्हा दाबायचं. मी उगाच मोजायला लागले.

"लागतोय का माउली?" मी विचारलं.

"लागंना. लेक वाट बगत आसंल." मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघून म्हणाले, "तुमी फोनवाल्या का? गर्दी लई हाय म्हनून लागत न्हाई व्हय?"

मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते.

"आसू द्या," बाबा म्हणाले. "समद्यान्लाच बोलायचं आस्तंय."

अकरा वेळा लागला नाही. बाराव्याला लागला. पोराने घाईघाईने फोन बाबांच्या कानाला लावला. "पोचलो गं. ठिवतो," एवढंच बोलून त्यांनी फोन परत दिला. मी वहीत लिहिलं: प्रयत्न बारा, माणूस एक, होल्डिंग टाइम चार सेकंद. आणि दुसऱ्या दिवशीसाठी काऊ कुठे हलवायचा ते विचारायला टॉवरकडे गेले.