दहावा ग्रह गाढवावर

पत्रिकेत ग्रह नऊ, दहावा जावई. तो कायम कन्या राशीला मुक्काम ठोकून असतो, अशी चेष्टा जुन्या संस्कृत सुभाषितकारांनीच करून ठेवली आहे. या ग्रहाची शांत पंचांगात दिलेली नसली तरी प्रत्येक सासुरवाडीला ती तोंडपाठ असते. अधिक महिना आला की धोंड्याचं जेवण आणि तेहतीस अनारशांचं वाण. पहिल्या दिवाळीला दिवाळसण, त्यात अंगठी आलीच. भाजीत मीठ जास्त पडलं तर जावईबापू काही बोलत नाहीत, नुसती वाटी बाजूला सरकवतात; तेवढ्यानं स्वयंपाकघरात सगळ्यांचं तोंड उतरतं. घरात वडीलधारे असोत, देवघर असो, त्या दिवसापुरता पहिला पाट त्याचा.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातलं विडा हे गाव वर्षातून एकदा हा पाट काढून घेतं आणि त्याच्या जागी गाढव आणून उभं करतं. धुळवडीच्या सकाळी गावातल्या सगळ्यात नव्या जावयाला गाढवावर बसवायचं, गळ्यात चपलांचा हार घालायचा आणि वाजतगाजत गावभर मिरवायचं, अशी तिथली रीत आहे. आठ-नऊ दशकं ती चालत आली आहे. गावात मान असलेल्या आनंदराव देशमुखांच्या जावयापासून सुरुवात झाली, असं सांगतात. तेव्हा बीडवर निजामाचं राज्य होतं. निजाम गेला, हैदराबाद संस्थान गेलं, जावयाचं गाढव मात्र राहिलं.

खरी मजा मिरवणुकीच्या आधीच सुरू होते. सगळ्यात नवा जावई कोण, हे ठरवायलाच तीन-चार दिवस लागतात. कुणाच्या पोरीचं लग्न कधी लागलं, याची पारावर उजळणी होते. एकदा नाव पक्कं झालं की त्या माणसावर पहारा. सणाच्या तोंडावर ज्याला अचानक कामाची आठवण होते, ज्याचा फोन लागेनासा होतो, त्याच्याकडे तर जास्तच लक्ष. पळायचा हक्क त्याचा, धरायचा हक्क गावाचा. बायकोला विचारावं तर ती माहेरच्या बाजूची!

धुळवडीला गावात शिरलं की कुणी कोरडं राहत नाही. रंगानं माखलेली पोरं, कडाडणारी हलगी, दारादारांतून डोकावणाऱ्या बायका आणि या सगळ्यांच्या मधोमध ते गाढव. गाढव ठेंगणं, जावई उंच, त्यामुळे पाय जमिनीला टेकू नयेत म्हणून त्याला गुडघे वर ओढून धरावे लागतात. चेहऱ्यावर आधी राग आणायचा प्रयत्न दिसतो, मग लाज, मग कधीतरी हसू फुटतं. ‘दाजी, नीट बसा’ असं कुणी ओरडलं की दाजी सावरून बसतात आणि नेमकं तेव्हाच गाढव पुढं सरकतं. गावाच्या मधून निघालेली वरात अकराच्या सुमाराला मारुतीच्या देवळापाशी संपते. तिथं चपलांचा हार उतरतो आणि जावयाला त्याच्या पसंतीचे कपडे मिळतात. तासाभरापूर्वी ज्याची हुर्यो उडवली, त्यालाच आता विचारायचं, कापड कुठलं आवडतं तुम्हाला?

शहरातल्या कलादालनात असं काही घडलं असतं तर भिंतीवर मोठी पाटी लागली असती, तिच्यावर ‘सहभागी कला’ असे शब्द आले असते आणि समीक्षकांनी पानं भरून लिहिलं असतं. मॉरिझिओ कॅटलान या इटालियन कलावंतानं 2016 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात अठरा कॅरट सोन्याचा संडास बसवला होता. तो नुसता पाहायचा नव्हता, वापरायचा होता आणि लोकांनी रांगा लावून वापरला. श्रीमंतीची इतकी उघडी थट्टा क्वचितच झाली असेल. पुढं 2019 मध्ये इंग्लंडमधल्या ब्लेनहाइम राजवाड्यातून तो चोरीला गेला. विड्याच्या कलाकृतीला ती भीती नाही. इथं चोर लागत नाही. पळून जायला बघते ती कलाकृती स्वतःच.

पण विड्याच्या गाढवाकडे पाहताना मला दुसरंच एक गाढव आठवत राहतं. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गधेगाळ नावाचे दगड उभे आहेत. शिलाहारांच्या काळापासून ते कोरले जात होते. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख आणि खाली एक स्त्री व गाढव. हे दान जो मोडेल त्याच्या आईवर असा प्रसंग येवो, हा त्याचा अर्थ. रस्त्यावरून जाणाऱ्या, अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळेल असं ते चित्र. म्हणजे भर रस्त्यात मांडलेली, चिथावणारी कला आपल्याला नवी नाही. पण तिथं गुन्हा करणारा पुरुष आणि शाप भोगणारी त्याची आई. तिनं ना दान मोडलं, ना जमीन बळकावली. गाढवावरून धिंड काढायची शिक्षाही बहुधा अशाच माणसांच्या वाट्याला आली, ज्यांना उलटून बोलता येत नव्हतं. कधी बाई, कधी खालच्या मानलेल्या जातीतला माणूस. तोंडाला काळं, गळ्यात चपला, मागं ओरडणारा जमाव. सामान सगळं हेच.

विड्यानं हे सामान तसंच ठेवलं आणि बसणारा माणूस बदलला. ज्याच्यापुढे सासरा वाकतो, ज्याच्या रुसण्याला सगळं घर भितं, त्याला उचलून त्या पाठीवर ठेवलं. एवढ्या एका अदलाबदलीनं शिक्षेचा खेळ झाला. वर असलेला माणूस तासभर खाली येतो, त्याचं काही बिघडत नाही आणि खालच्यांना मोकळं हसता येतं. हसणाऱ्यांतला प्रत्येक लग्न झालेला पुरुष कुठल्या ना कुठल्या गावचा जावई असतो, हेही आलंच. दुसऱ्याच्या गळ्यातला हार पाहून हसताना आपली मान त्याला आपोआप चाचपावीशी वाटत असणार.

या जिल्ह्यात लग्न म्हणजे नुसता सोहळा नाही. ऊसतोडीच्या फडावर नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर मिळते. मुलीच्या बापाच्या डोक्यावर हुंड्याचं, मानपानाचं ओझं असतं ते वेगळंच. धुळवडीच्या एका सकाळीनं यातलं काही फिटत नाही. दुसऱ्या दिवशी जावई पुन्हा जावईच असतो आणि सासरा पुन्हा सासरा. तरीही ज्या नात्यात एका बाजूला कायम मान आणि दुसऱ्या बाजूला कायम धास्ती, त्या नात्यावर सगळ्या गावानं मिळून, उघड्यावर, दिवसाढवळ्या हसावं, ही गोष्ट मला कुठल्याही संग्रहालयातल्या सोन्यापेक्षा मोलाची वाटते.

तक्रार करायची तर ती गाढवाच्या वतीनं करावी लागेल. माती, विटा आणि वाळू वाहण्यात त्याचा जन्म जातो. सणाच्या दिवशीही त्याच्या पाठीवर ओझंच आणि भोवती कानठळ्या बसवणारा गलका. कपडे जावयाला, हशा गावाला, गाढवाला काय? त्याला सावली, पाणी आणि हिरवा चारा मिळाला पाहिजे आणि त्याच्या तोंडावर रंग फासायचा नाही, एवढं गावानं कटाक्षानं पाळावं. मानकऱ्याची थट्टा मुक्या जनावराच्या जिवावर होता कामा नये.

बाकी विडा चुकलेलं नाही. थट्टा करायची तर जो वर बसला आहे त्याची करावी, आणि करून झाल्यावर त्याला सन्मानानं घरी पोचवावं, हा धडा महाराष्ट्रातल्या पुष्कळ विनोदी लेखकांनी आणि त्याहून जास्त पुढाऱ्यांनी इथं येऊन घ्यावा. तुम्हीही एखाद्या धुळवडीला जाऊन या. मात्र लग्न नुकतंच झालं असेल आणि सासुरवाडी विड्याचीच असेल, तर पळायच्या वाटा शोधू नका. कापड कोणतं मागायचं ते ठरवून ठेवा आणि जरा भारीतलं मागा.