बॅटरी डाउन!

सोमवारची सकाळ. बाहेर धो-धो पाऊस, ९ वाजताची मीटिंग आणि रिक्षावाले नेहमीप्रमाणे 'नाही' म्हणायच्या मूडमध्ये. म्हटलं, चला, आज बाबांची गाडी काढू. किल्ली फिरवली. टक्-टक्-टक्... आणि डॅशबोर्डवरचे दिवे विझले. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा!

"बाबा, तुम्ही पुन्हा लाइट चालू ठेवलात ना?" मी जिन्यातूनच ओरडले.

"राहिला असेल गं," बाबा एवढंच म्हणाले.

आमची ही हॅचबॅक २००६ची. तिनं बाबांना रोज ऑफिसला नेलं, मला बारावीच्या क्लासला सोडलं. गेल्या वर्षी बाबा रिटायर झाले आणि तीही पार्किंगमध्ये बसली. बाहेर पडायची ती फक्त रविवारी. तेव्हापासून हे बॅटरीचं नाटक! कधी धक्का मारा, कधी शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावा. नवी बॅटरी घातली, तर महिन्याभरात तीही झोपली. दादाचा फोनवरून सल्ला : "भंगारात काढा."

आणि बाबा? त्यांनी गाडी चालवणंच सोडलं. "हल्ली विसरायला होतं मला," असं ते आईला सांगत होते. ते कानावर पडलं आणि पोटात गोळाच आला.

शेवटी नाना पेठेतल्या ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना घरी बोलावलं. म्हणाले, "ताई, सगळे आधी बॅटरी बदलतात. आधी मोजायचं असतं." खिशातून काढला साधा मल्टिमीटर. आणि मग माझा जो काही क्लास झाला, तो तुम्हालाही उपयोगी पडेल.

बॅटरी नीट चार्ज करून रात्रभर गाडी तशीच ठेवायची. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर फुल चार्ज. १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे संपलीच. मग इंजिन चालू करून पुन्हा मोजायचं. १३.८ ते १४.५ हवेत. आकडा १२वरच रेंगाळला तर आल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा गडबड करतोय. आमचे आले १४.२. म्हणजे चार्जिंग ओके! टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली होती. ती गरम पाण्यात खायचा सोडा घालून साफ केली. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी, हे काकांनी दोनदा बजावलं.

आता खरी परीक्षा. किल्ली काढलेली, दारं-डिकी बंद. निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या आणि बॅटरीच्या मध्ये मीटर लावला, १० अँपिअरच्या रेंजवर. (अशा वेळी चुकूनही स्टार्टर मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो.) झोपलेल्या गाडीनं फार तर ५० मिलिअँपिअर खावेत. आमची खात होती ४००! हिशोब सोपा आहे. दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर गेले, तर ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत खलास.

काका एकेक फ्यूज काढत गेले. आकडा जागचा हलेना. मग त्यांची नजर गेली एका जाड लाल वायरकडे. फ्यूज बॉक्सला बगल देऊन ती बॅटरीवरून थेट डिकीत गेली होती, अँप्लिफायरला. त्याचा प्लग काढला. मीटरवर १८!

तो अँप्लिफायर माझा होता. २०१६मध्ये, कॉलेजात असताना, मीच हट्टानं बसवून घेतलेला. बसवणाऱ्यानं त्याची 'ऑन' करणारी वायरही अशी जोडली होती, की किल्ली काढली तरी तो जागाच. बाबा रोज तास-तासभर गाडी चालवायचे, तेव्हा आल्टरनेटर ती तूट भरून काढायचा. त्यामुळे कुणालाच पत्ता नाही. गाडी उभी राहायला लागली आणि बिंग फुटलं. थोडक्यात, लाइट बाबांनी कधीच चालू ठेवला नव्हता. विसरभोळेपणाचा शिक्का मात्र मी मारून मोकळी झाले होते.

वर गेले. बाबा पेपर वाचत होते.

"सॉरी बाबा. चूक तुमची नव्हती. माझ्या अँप्लिफायरची होती."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे माझी बॅटरी ठीक आहे तर!"

आई हसली. माझे डोळे मात्र भरून आले.

रविवारी किल्ली त्यांच्या हातात होती. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्येही स्वारी खूश. मी शेजारच्या सीटवर. गाणी आता साध्या स्पीकरवर वाजतात, थोडी चिरकीच. पण हाफ क्लचवर गाडी कशी धरायची, हे बाबा मला पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावत होते. एकही स्टेप न विसरता!