सायकल, तूर आन् रातची लाईन



आधी शेतातली नोंद. तूर निघाली, मळणी झाली. हरभरा घाट्यावर आहे, काढणीला तीनेक आठवडे लागतील. संत्र्याचा आंबिया फुटला, फूल बरं दिसते. कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे, पण बोंडात दम नाही.

आता सायकलची नोंद. मागं पहाटेचा एक फोटो टाकला होता, त्याखाली बऱ्याच जणांनी विचारलं की शेती करून हे कसं जमते, आणि कावून करता? एकानं तर सरळ लिहिलं, "भाऊ, मोटारसायकल इकली काय?" इकली नाही, दारात उभी आहे. म्हटलं एकदा नीट लिहून टाकू.

मी जी सायकल चालवतो तिला रोड बाईक म्हणतात. बारीक टायर, वाकडा हँडल. जुनी घेतली, २१ हजाराला पडली, म्हणजे त्या वर्षीच्या भावानं तीन क्विंटल कापूस. घरात यावरून चार दिवस कोणी बोललं नाही. बाबा एवढंच म्हणाले, "पायडल मारून कोणतं पीक येते, तेवढं सांग." त्याचं उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं, आजही पूर्ण नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी ज्यात भाग घेतो त्याला ब्रेवे म्हणतात. ही पद्धत फ्रान्सची. यात पहिला-दुसरा नंबर नसतो, अंतर वेळेत पूर्ण करायचं असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास, ६०० ला ४० तास. घड्याळ थांबत नाही. जेवण, पंक्चर, झोप, सगळं त्यातच. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची. मागं कोणाची गाडी चालत नाही, आपलं सामान आपल्याजवळ. हेल्मेट, पुढचा-मागचा लाईट आणि रात्री चमकणारं जॅकेट लागतेच. एका वर्षात २००, ३००, ४००, ६०० चारही केले तर त्याला सुपर रँडोनर म्हणतात. सगळ्यात मोठं नाव पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसचं, १२०० किलोमीटर, ९० तास, चार वर्षांतून एकदा. त्याची सुरुवात १८९१ ची.

आपल्या महाराष्ट्रात या लांब पल्ल्याच्या सायकलीत मोठी माणसं झाली. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेची रॅम शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४८०० किलोमीटर. २०१७ मध्ये लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं, १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. समर्थांनी पुढच्याच वर्षी रशियातली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरच्या वरची शर्यतही केली.

हे वाचून माझ्या मनात आलं की हे चौघंही डॉक्टर. आठवड्याला इतके तास, महिन्याला इतके किलोमीटर, असं त्यांना कागदावर मांडता येत असेल. त्यांची मेहनत कमी नाही, दवाखाना सांभाळून ते करणं सोपं नाही. पण आपलं वेळापत्रक आपल्या हातात नाही, ते पावसाच्या आणि लाईनच्या हातात आहे. त्यांचा तक्ता आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. कोरडवाहूला बागायतीची शिफारस लावल्यासारखं होते ते.

अडचण अशी आहे. विदर्भात सायकल चालवायचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा थंड, रस्ते कोरडे. बहुतेक ब्रेवे तेव्हाच ठेवतात. आणि तेव्हाच आपल्याकडं कापसाची वेचणी, हरभऱ्याचं पाणी, तुरीची कापणी, संत्र्याचा ताण सोडणं, सगळं एकदम. शेतकरी मोकळा होतो एप्रिल-मे मध्ये, तेव्हा पारा ४४ वर असतो. म्हणजे अंग तयार करायला वेळ मिळते उन्हाळ्यात, आणि परीक्षा असते हिवाळ्यात, जेव्हा वेळ नसते.

मी जे बसवलं ते असं. जूनमध्ये पेरणीचे तीन आठवडे सायकल बंद. मन खाते, पण बंद. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यात तीन दिवस, एकेक तास. फवारणीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जोराची सायकल नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली हे आपण विसरलो नाही. औषध अंगावर, कपड्यावर राहते, घामानं कातडी ओली होते, धाप लागली की श्वास खोल जाते. त्या दिवशी आंघोळ, जेवण आणि झोप.

एप्रिल-मे मध्ये पहाटे साडेचारला निघतो, आठच्या आत घरी. सोनाळ्याहून टुनकी, पुढं वरवट बकाल. रविवारी लांबचा पल्ला, म्हणजे शेगावला जाऊन येणं. खिरोड्याजवळ पूर्णा ओलांडली की दोन्हीकडं खारपाणपट्टा, झाड कमी, रस्ता सपाट. सपाट रस्ता सोपा वाटते, पण उन्हाळ्यात पश्चिमेचं वारं तोंडावर असलं तर तो चढच आहे, फक्त दिसत नाही. शेगावला पायी जाणारे लोक पहाटे रस्त्यानं भेटतात, तेही माऊली म्हणतात, मीही म्हणतो. खरा चढ पाहिजे तर अकोटच्या पुढं पोपटखेडकडून सातपुड्यात शिरावं लागते. परतवाड्याहून चिखलदरा मी वर्षातून एकदा करतो. गाव ११०० मीटरच्या वर आहे, दम निघते, पण वर कॉफी मिळते.

सरावाचा मुख्य नियम सगळे जाणकार सांगतात तोच: दहापैकी आठ वेळा सावकाश, दोनदा जोरात. सावकाश म्हणजे बाजूच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. मी एकटाच असतो, म्हणून मोठ्यानं बाजारभाव म्हणत जातो. रोज जोर लावला तर अंग सुधारत नाही, थकते. हे बागायतदाराला समजावून सांगायची गरज नाही. संत्र्याला आंबियासाठी डिसेंबरात पाणी तोडतो, जमीन पाहून ताण देतो, हलक्या जमिनीला कमी दिवस, भारीला जास्त. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर फांद्या सुकतात. आणि ताण सोडल्यावर पाणी दिलं नाही तर सगळं वाया. अंगाचंही तसंच. सुधारणा सायकलवर होत नाही, नंतरच्या झोपेत आणि ताटात होते.

पाऊस मोजायची माझी एक वही आहे, त्यातच रोज सकाळी उठल्याबरोबर नाडीचे ठोके लिहितो. बिनपैशाचं यंत्र आहे हे. माझे नेहमी ५६ ते ५८ असतात. वेचणीच्या दिवसांत ६६ झाले की सायकल भिंतीलाच राहते. रातपाळीचं पाणी दिलं की दुसऱ्या दिवशी ठोके वाढलेले दिसतातच. दोन वर्षांची वही पाहिली तर सायकलपेक्षा जागरणच अंगाला जास्त पडते, हे कागदावर आलं.

या जागरणावरूनच पुढची गोष्ट. २०० चा पल्ला मी मागच्या हिवाळ्यात केला होता, १२ तास ४० मिनिटं. यंदा डिसेंबरात ३०० ठरला होता. सहा महिने त्याच्यासाठी पाय झिजवले, पैसे भरले, शेगावहून रेल्वेचं पाहून ठेवलं. त्याच आठवड्यात शेतीची लाईन रातची आली. हरभऱ्याला फांद्या फुटायच्या वेळेचं पाणी होतं, जमिनीत ओल राहिली नव्हती, ते चुकवता येत नव्हतं. तुषारचे पाइप रात्रीतून तीनदा पलटवावे लागतात.

आमचं वावर सातपुड्याच्या पायथ्याला. अंबाबरवा अभयारण्य जवळ आहे, तिथं वाघ, बिबट, अस्वल सगळं आहे. रानडुक्कर तर आपल्या घरचंच झालं. बाबा म्हणाले, "तू जाय, मी देतो पाणी. आयुष्यभर तेच केलं." बाबांचं वय ६८. बायको काही बोलली नाही, पण तिनं टॉर्च चार्जिंगला लावला आणि माझ्याकडं पाहिलं.

मी गेलो नाही. पाणी दिलं. दुसऱ्या रात्री दोन वाजता धुऱ्यावर शेकोटीजवळ बसलो तेव्हा नागपूरचे ते सगळे दोनशेच्या पुढं गेले असतील, असं मनात आलं. वाईट वाटलं. जितराब राखणाऱ्याला जत्रा कुठली, असं म्हातारे म्हणायचे, तसं. पण हेही दिसलं की त्या रात्री जो जागा होता तो काही कारणानं जागा होता. शहरातला माणूस हौसेनं रात्र काढते, त्याचं कौतुक होते, होऊ द्या. इथं लाखो माणसं दर रब्बीला हातात काठी घेऊन रात्र काढतात, त्याचं कार्ड कोणी भरून देत नाही. शेतीला दिवसा लाईन मिळाली पाहिजे ही मागणी आरामाची नाही, जिवाची आहे.

पुढं फेब्रुवारीत पुन्हा ३०० निघाला. तोवर तूर घरात आली होती, हरभऱ्याचं पाणी झालं होतं, संत्र्याचं पाणी ठिबकवर सुरू होतं आणि लाईन दिवसाची होती. मोठ्या सुताऱ्यासारखा योग. गेलो.

सकाळी सहाला नागपूरहून सुटलो. सोबतच्यांजवळ दोन-दोन लाखांच्या सायकली, महागाच्या पुड्या. माझ्या खिशात केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू, आणि मीठ-साखरेचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हेच पाणी उन्हात वेचणीला, सोंगणीला चालते, मजुरांनाही द्या. लांबच्या पल्ल्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात गेली पाहिजे, म्हणजे तासाला दीड-दोन केळी समजा. भूक लागायची वाट पाहायची नाही. भूक लागली म्हणजे उशीर झाला.

दीडशेला पाठ धरली. वेचणीनं वाकून पाठ तशीही शेकलेली होती. दोनशेनंतर अंधार पडला, आणि तिथं मला सोपं गेलं. बाकीचे रात्रीला कंटाळले, डोळे चोळू लागले. मला रात्र ओळखीची होती. रात्रीचे आवाज, थंडी कोणत्या वाजता वाढते, केव्हा चहा लागते, हे सगळं पाण्याच्या पाळ्यांनी शिकवलेलं. बाराच्या पुढं वीस मिनिटांनी परत पोचलो. १८ तास २० मिनिटं. मुदतीत.

पण एक गोष्ट अंगावर काटा आणणारी झाली, तिच्यासाठीच ही एवढी मोठी नोंद लिहिली. रात्री नऊच्या सुमारास एका उतारावर पुढं तुराट्या भरलेली ट्रॉली उभी होती. मागं लाईट नाही, लाल पट्टी नाही, तुराट्या दोन हात मागं निघालेल्या. मला ती १५-२० फुटांवर दिसली. वेग कमी होता म्हणून बाजूनं निघालो. मोटारसायकलवर ६० नं येणारं पोट्टं असतं तर?

ती ट्रॉली कोणाची ते महत्त्वाचं नाही, आपल्यातल्याच कोणाची तरी असेल. घरी आल्यावर चमकणाऱ्या लाल पट्टीचा रोल आणला. आमच्या वस्तीतल्या सात ट्रॉल्या आणि चार बैलगाड्यांना मागून पट्ट्या लावल्या. एका ट्रॉलीला शंभर रुपयेही लागले नाहीत, वेळ दहा मिनिटं. पट्टी लावताना आधी तेल-माती पुसून घ्या, नाहीतर आठ दिवसांत निघते. पट्टी फाळक्याच्या दोन्ही टोकांना लावा, म्हणजे मागच्याला रुंदी कळते. कडबा-तुराट्या बाहेर निघत असतील तर शेवटच्या पेंडीला लाल कापड आणि पट्टी बांधा.

बाबांनी त्या दिवशी स्वतः गाडीच्या साटीला पट्टी लावली. पीक कोणतं आलं ते काही विचारलं नाही.

४०० चं यंदा पाहत नाही. काढणी आहे, पुढं लग्नसराई आहे. दिवाळीनंतर लाईनचं वेळापत्रक पाहून ठरवीन.

तुमच्याकडं रातची लाईन कोणत्या आठवड्यात आहे, आणि गावात किती ट्रॉल्यांना मागून पट्टी आहे, मोजून खाली लिहा. वीस मिनिटांचं काम आहे, गावात एक चक्कर मारली की होते. सायकलनं मारली तर उत्तमच.