न चमकणारी गाडी

आपल्या शाळेत चकाकीला फार मान आहे. परेडच्या आदल्या रात्री प्रत्येक डॉर्मिटरीत बूट पॉलिशचा वास सुटतो. बुटाच्या टोकात ड्रिल उस्तादांना स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत, बेल्टचे पितळी बक्कल लख्ख पाहिजे, कपाटाची कडीसुद्धा पुसलेली पाहिजे. इयत्ता सहावीपासून हे सर्व आपल्या हातात बसलेले आहे. यंदाच्या उन्हाळी सुट्टीत मी म्हैसूरला घरी गेलो, तेव्हा मात्र मला याच्या नेमके उलटे शिक्षण मिळाले. एखादी वस्तू चमकू न देणे हेसुद्धा एक काम असते, आणि ते पॉलिश करण्यापेक्षा अवघड असते.

माझे बाबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पलटणीत ते एम. टी. ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर मामांच्या ओळखीने ते म्हैसूरला आले आणि आता गोकुलममधील एका डॉक्टरांची गाडी चालवतात. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नवीन गाडी घेतली. तिचा रंग करडा आहे, पण त्याला तकाकी नाही. पाटीवर खडूचा हात फिरवावा तशी ती दिसते. अशा रंगाला मॅट म्हणतात. आपल्या देशात 2021 साली किया सेल्टॉसची एक्स-लाइन आवृत्ती असा रंग घेऊन बाजारात आली आणि नंतर इतर कंपन्यांनीही मॅट रंग आणले. रस्त्यावर अशा गाड्या अजून थोड्या असल्यामुळे त्यांची निगा कशी राखायची हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सुट्टीत रोज पहाटे मी बाबांबरोबर गाडी धुवायला जात असे. पहिल्याच दिवशी मी फडके हातात घेतले, तेव्हा बाबा म्हणाले, “हे बूट न्हवं बाळा. ह्याला रगडायचं न्हाई.” मग त्यांनी कारण समजावून सांगितले.

साध्या गाडीच्या पत्र्यावर आधी प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर असतो. हा वरचा थर काचेसारखा सपाट असल्यामुळे उजेड त्यावरून सरळ परततो आणि गाडी चमकते. मॅट गाडीच्या वरच्या थरात सिलिकाचे अतिशय बारीक कण मिसळलेले असतात. त्यामुळे तो थर डोळ्यांना न दिसण्याइतका खडबडीत होतो. त्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरतो, म्हणून चमक दिसत नाही. आता अशा गाडीला पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड लावून घासले तर काय होईल? त्या सूक्ष्म खडबडीतली उंच टोके झिजतील आणि तेवढाच भाग चकाकू लागेल. मेण लावले तर ते खोलगट जागी भरून बसेल आणि ठिकठिकाणी तेलकट डाग दिसतील. साध्या गाडीवरचा बारीक ओरखडा घासून घालवता येतो. मॅट गाडीवर घासणे हाच ओरखडा.

म्हणून बाबांची पद्धत ठरलेली आहे. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असतानाच धुवायची. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या घ्यायच्या, एकीत सौम्य शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. शाम्पू मॅट रंगाला चालणाराच हवा, मेण मिसळलेला चालत नाही. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात खळबळून, मग शाम्पूत बुडवून, टपापासून खाली यायचे. हात हलका ठेवायचा. फेस अंगावर वाळू द्यायचा नाही. शेवटी कापड टेकवून पाणी टिपायचे, घासून पुसायचे नाही, कारण बोअरचे पाणी तसेच वाळले तर पांढरे ठिपके राहतात. जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी पुन्हा गाडीला लागत नाही. ब्रशांच्या धुलाईयंत्रात तर गाडी कधीच घालायची नाही.

म्हैसूरचे रस्ते झाडांनी भरलेले आहेत आणि शहरात कुक्करहळ्ळी, कारंजी यांसारखे तलाव असल्यामुळे पक्षीही खूप. पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते. ती उन्हात तापली की रंगात उतरते. ती खरवडायची नाही, तर त्यावर ओले कापड काही मिनिटे ठेवून मऊ करायची आणि अलगद उचलायची. पेट्रोल भरताना सांडलेला थेंबही लगेच पाण्याने धुवायचा. दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी म्हैसुरात प्रत्येक गाडीला हळदकुंकू लागते. बाबा पूजा मनापासून करतात, पण गंधाचे बोट समोरच्या काचेवर टेकवतात, पत्र्यावर नाही.

मी बाबांना विचारले, “हे सगळं तुम्ही कुठं शिकलात?” ते हसले. म्हणाले, “पलटणीत आणि कुठं?” फौजेच्या गाड्यांचा रंगही असाच बिनचमकीचा असतो. उन्हात मडगार्ड किंवा काच एकदा चमकली तरी ती फार दुरून दिसते. गाडी दिसली की तिच्यातले जवान दिसले. म्हणून मोर्चावर काचा झाकतात आणि गाडीवर जाळी टाकतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंगसुद्धा फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. आपण परेडसाठी चमकतो, पण मैदानात न चमकणे हेच कर्तव्य ठरते. शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

मे महिन्यात एक प्रसंग घडला. गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. ती परत घेताना बाबांनी नेहमीप्रमाणे चारी बाजूंनी फिरून पाहिले. मागच्या उजव्या दारावर तळहाताएवढा भाग चकाकत होता. तिथल्या एका पोराने चिखलाचा डाग जावा म्हणून चांगल्या हेतूने पॉलिश लावून तो जोरात घासला होता. पोरगा माझ्याहून तीन-चार वर्षांनीच मोठा असेल. तो बाबांना बाजूला घेऊन कन्नडमध्ये विनवू लागला की बोलू नका, पगारातून कापतील. डॉक्टर त्या बाजूने कधी बसत नाहीत, पावसाळा आला की धुळीत दिसणारही नाही, असे त्याचे म्हणणे होते.

मला त्या पोराची दया आली आणि बाबांची काळजी वाटली. असा डाग घालवायला तेवढ्याच जागी रंग लावून चालत नाही, कारण नव्या-जुन्याचा सांधा उठून दिसतो. अख्खे दार पुन्हा रंगवावे लागते. त्याचा खर्च मोठा. उद्या डॉक्टरांना वाटले की हे ड्रायव्हरनेच केले, तर?

बाबांनी तिथल्या कागदावर डागाची नोंद करून घेतली, पण पोराचे नाव लिहू दिले नाही. मॅनेजरला ते म्हणाले, “त्याला कुणी शिकवलं न्हाई, ती चूक त्याची एकट्याची न्हाई.” त्याच संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना दार दाखवले आणि झाले ते जसेच्या तसे सांगितले. डॉक्टर बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारले, “त्या मुलाचा पगार कापणार नाहीत ना?” दुसऱ्या दिवशी ते स्वतः मॅनेजरशी बोलले. दार तिथेच पुन्हा रंगवून मिळाले आणि पोरगा कामावर राहिला.

निवडणुकीत बोटाला लावतात ती शाई म्हैसूरच्याच मैसूर पेंट्स अँड वार्निश या कारखान्यात तयार होते. 1937 साली नालवडी कृष्णराज वडियार महाराजांच्या काळात हा कारखाना सुरू झाला आणि 1962 च्या निवडणुकीपासून तो ही शाई पुरवतो. तिच्यातील सिल्व्हर नायट्रेट कातडीत बसून काळे पडते. ती घासून जात नाही, नवी कातडी आणि नवे नख आल्यावरच जाते. त्या दाराचेही तसेच होते. घासून लपवता येणार नव्हते, नवा थरच द्यावा लागला.

त्यानंतर बाबांनी मला एक कार्ड लिहायला सांगितले. मी ते कन्नडमध्ये ठळक अक्षरांत लिहिले: “पॉलिश माडबेडि”, म्हणजे पॉलिश करू नका. त्याखाली मेण नको, ब्रश नको, असेही लिहिले. गाडी कुठेही द्यायची झाली की बाबा ते कार्ड स्टिअरिंगला बांधतात.

शाळेत नवीन मुले विचारतात, तुझे बाबा काय करतात? मी पहिल्यापासून सांगत आलो आहे की ते ड्रायव्हर आहेत. आता कुणी पुढे विचारले, तर त्या दाराची गोष्टही सांगतो.