बेसबॉल, तोही निवांत!

मार्चमध्ये लेकीकडे अमेरिकेला जाताय? गाडीने फ्लोरिडात शिरताना हायवेवरच्या वेलकम सेंटरला थांबा. तिथे संत्र्याचा रस मोफत देतात (हो, खरंच!). रस पिता पिता ‘ग्रेपफ्रूट लीग’ची चौकशी करा. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचा भाऊबंद. लीग मात्र बेसबॉलची. सीझनआधी न्यूयॉर्क यँकीजसह 15 संघ इथे महिनाभर सराव सामने खेळतात. निकाल मुख्य गुणतक्त्यात धरत नाहीत, त्यामुळे खेळाडूही निवांत. मैदानं छोटी. लवकर पोहोचलात तर कठड्याशी उभ्या मुलांना सही मिळू शकते. मुख्य सीझनमध्ये हे सुख कुठलं?

फक्त मैदानं राज्यभर विखुरलेली आहेत. आजी-आजोबा सोबत असतील तर ॲरिझोनाची ‘कॅक्टस लीग’ बरी. तिथले 15 संघ फिनिक्सच्या आसपासच खेळतात आणि हिरवळीवर चादर अंथरून सामना बघता येतो. टोपी विसरू नका, ऊन कडक असतं.