विहिरी आफ्रिकेला

भूगोलाच्या मास्तरांनी पट्टी हातात घेऊन नकाशे काढून घेतले, तेव्हापासून नकाशा म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. तरीसुद्धा माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या चाळीस विहिरी संगणकावर मांडायचं मी कबूल करून बसलो. सकाळी ग्रामसभा. टँकर आधी कुठल्या वाडीला, हे त्या नकाशावरून ठरणार. आणि रात्री नऊ वाजता पाहतो, तर चाळीसच्या चाळीस विहिरी आफ्रिकेजवळ, गिनीच्या आखातात, भर समुद्रात! पाण्याचा प्रश्न मिटला, एवढंच काय ते समाधान.

पुण्याच्या भाचीला फोन लावला.

"मामा, आधी प्लगइन बंद करून बघा."

क्यूजीआयएस या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामला पायथन भाषेतल्या जादा करामती जोडता येतात. फुकट म्हटल्यावर मी दिसेल ती जोडली होती. सगळ्या काढल्या. विहिरी जागच्या हलल्या नाहीत.

"मग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा."

"पर्यावरण बदलतंय हे मला सांगतेस? अगं, म्हणून तर टँकर मागवतोय!"

ते पर्यावरण निराळं. संगणकाच्या पोटात एक यादी असते. अमुक वस्तू तमुक फोल्डरात, असं तिच्यात लिहिलेलं. मागे कधीतरी मी दुसरंच एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. त्यानं 'प्रोज_लिब' या नावापुढे आपला पत्ता लिहून ठेवलेला. जुन्या भाडेकरूची पाटी दारावर राहावी आणि पोस्टमन घोटाळ्यात पडावा, तसं झालं. अंशांचे मीटर कसे करायचे ते ज्या 'प्रोज.डीबी' फायलीत असतं, ती आमच्या प्रोग्रामला सापडेना. मग ७४ अंश रेखांश म्हणजे ७४ मीटर आणि १७ अंश अक्षांश म्हणजे १७ मीटर, असं धरून त्यानं शून्य-शून्यापाशी विहिरी खणल्या. आणि शून्य-शून्य नेमकं त्या आखातात येतं.

तो पत्ता पुसला. ढिम्म फरक नाही!

"मामा, प्रोग्राम बंद करून परत उघडलात का?"

नव्हता उघडला. बाजाराला निघालेल्या माणसाच्या खिशातली चिठ्ठी आपण घरी बसून कितीही बदलली, तरी तो आणणार आधीचंच. प्रोग्रामही सुरू होताना जी यादी मिळाली, तीच धरून बसतो.

बंद केला, उघडला. विहिरी गावात! फक्त एक सोडून. ती नॉर्वेच्या उत्तरेला, बर्फाळ समुद्राकडे निघाली होती. आमच्याच मळ्यातली. तिचे अक्षांश-रेखांश मीच उलटे टाइप केले होते. गुपचूप सुधारले. भाचीला अजून सांगितलेलं नाही.